नेदरलँड्समधल्या शांत खेड्यात घर भाड्याने घ्यायचंय? मग हे आधी वाचा

आइंडहोव्हनकडे नोकरी लागली की पुण्या-नाशिकहून येणारे बहुतेक जण घर शहरातच शोधतात, स्टेशनजवळ, भारतीय किराणा दुकानाजवळ, ओळखीचं कुणीतरी राहतं त्याच बिल्डिंगमध्ये. आम्हीही तेच केलं आणि तीन महिने नुसते नकाराचे ईमेल वाचले. मग नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका डच बाईंनी सांगितलं की शहराचा नाद सोडा, आजूबाजूची गावं बघा, न्युनेन, वालरे, खेल्ड्रॉप, सोन, सायकलने अर्ध्या तासाच्या आसपास आहेत सगळी. तेव्हापासून आम्ही न्युनेनलाच आहोत, पहिलं घर चार वर्षांपूर्वी घेतलं, दुसरं गेल्या वर्षी, दोन्ही भाड्याची. पहिल्या वेळी जे जे चुकलं ते दुसऱ्या वेळी सुधारलं म्हणून हे सगळं लिहितेय.

खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं तसं इथे नसतं. सुपरमार्केट, बेकरी, लायब्ररी, फुटबॉलचं ग्राउंड, फायबर इंटरनेट, सगळं असतं. रात्री नऊनंतर मात्र कुत्रा फिरवणारे सोडले तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. ज्यांना ही शांतता हवीय त्यांनी पुढे वाचा, ज्यांना संध्याकाळी खाली उतरून वडापाव हवाय त्यांनी शहरातच राहावं, खरंच सांगते, कारण इथे येऊन सहा महिन्यांत कंटाळून परत गेलेली दोन कुटुंबं मी पाहिलीत.

आधी कागद, मग घर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घर आवडल्यावर कागद गोळा करायला लागणं. चांगलं घर सकाळी साइटवर आलं तर संध्याकाळपर्यंत व्ह्यूइंगच्या वेळा भरलेल्या असतात, त्यामुळे फाइल आधीच तयार पाहिजे. नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिप, कंपनीचं वर्कखेव्हर्सफरक्लारिंग म्हणजे तुमची नोकरी आणि पगार कळवणारं सही-शिक्क्याचं पत्र, आणि आधी इथे कुठे भाड्याने राहिला असाल तर त्या मालकाचं भाडं वेळेवर देत होते असं पत्र. नवीन आलेल्यांकडे स्लिपा नसतात, तेव्हा कॉन्ट्रॅक्ट आणि कंपनीचं पत्र यावरच भागवावं लागतं, एचआरकडून ते पत्र पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा. बरेच मालक महिन्याचा ग्रॉस पगार भाड्याच्या तिप्पट तरी असावा असं धरतात, काही जण चौपटही मागतात, म्हणून बजेट ठरवताना आधी हा भागाकार करा.

पासपोर्टची किंवा रेसिडेन्स परमिटची कॉपी पाठवताना त्यावर बीएसएन म्हणजे इथला सरकारी नागरिक क्रमांक असेल तर तो झाकायचा. सरकारचं कोपी-आयडी नावाचं फुकट ॲप आहे, त्यात नंबर खोडता येतो आणि कॉपीवर कुणासाठी, कशासाठी दिली तेही लिहिता येतं. फसवणाऱ्यांना तुमच्या पैशांइतकेच हे कागदही हवे असतात, त्यामुळे घर प्रत्यक्ष बघण्याआधी कुणालाच पूर्ण फाइल देऊ नका.

भारतातून थेट घर ठरवायच्या भानगडीत पडू नका. पहिले एक-दोन महिने तात्पुरती जागा घ्या, पण तिथे खेमेंटेमध्ये म्हणजे नगरपालिकेत नाव नोंदवता येईल अशीच घ्या. चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यावर पाच दिवसांत नोंदणी करायची असते, त्यावरच बीएसएन मिळतो आणि पुढचं बँक, इन्शुरन्स, डिजिडी म्हणजे सरकारी कामांचं ऑनलाइन लॉगिन, सगळं त्या एका नंबरावर अडलेलं असतं. जो मालक "इथे नाव नोंदवू नका" म्हणतो त्याच्या घराची पायरीही चढू नका, भाडं कितीही कमी असो.

शोधायचं कुठे

फुंडा आणि पारारियस या दोन साइटवर अलर्ट लावाच, पण गावाचं नाव टाकून शोधण्याऐवजी ऑफिसपासून दहा-बारा किलोमीटरचा परीघ टाका. खेड्यात महिन्याला मोजकीच घरं येतात, त्यातली काही साइटवर येतच नाहीत. गावातल्या माकलारच्या म्हणजे घरांच्या एजंटच्या ऑफिसात सरळ जाऊन नाव सांगून या, सुपरमार्केटच्या दाराशी चिठ्ठ्यांचा बोर्ड असतो तिथे स्वतःची चिठ्ठी लावा, गावाचं फुकट साप्ताहिक दारात येतं त्यातही छोट्या जाहिराती असतात. आमचं दुसरं घर अशा चिठ्ठीवरूनच मिळालं. चार ओळी डचमध्ये लिहिल्या होत्या, आम्ही तिघं, मुलगी गावातल्याच शाळेत, तीन वर्षांपासून इथे राहतो, बागकाम आवडतं. आठ दिवसांनी एका आजोबांचा फोन आला की माझ्या बहिणीचं घर रिकामं होतंय.

चिठ्ठी असो वा ईमेल, त्यात हे असलंच पाहिजे की तुम्ही कोण, किती जण, काय काम करता, कधीपासून घर हवंय आणि किती वर्षं राहायचा विचार आहे. खेड्यात मालक बऱ्याचदा खासगी माणूस असतो, कधी तर स्वतः दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, त्याला भाड्याइतकीच काळजी ही असते की आपल्या जुन्या शेजाऱ्यांच्या बाजूला कोण येतंय.

स्वस्त सोशल घरं वोनिंगकॉर्पोरासीकडे म्हणजे ना-नफा गृहसंस्थांकडे असतात, त्याला उत्पन्नाची मर्यादा आणि लांब वेटिंग लिस्ट आहे, नाव घालून ठेवा पण त्यावर विसंबून राहू नका.

आडनाव बघून डावलल्यासारखं वाटलं तर गप्प बसायची गरज नाही. १ जुलै २०२३ पासून चांगल्या घरमालकीचा कायदा लागू आहे, भाडेकरू कसा निवडतात हे मालकाने आणि एजंटने आधी स्पष्ट सांगायचं असतं आणि ज्याला नाकारलं त्याला कारण द्यायचं असतं. प्रत्येक खेमेंटेमध्ये तक्रार करायला फुकट खिडकी आहे. आमच्या ओळखीच्या एकाने नुसतं "कारण लेखी कळवा" असं नम्रपणे लिहिलं आणि त्याच एजंटकडून पुढच्या घराला व्ह्यूइंग मिळालं.

पैसे कुठे जातात

मालकाने नेमलेला एजंट तुमच्याकडून दलाली घेऊ शकत नाही. त्याला कॉन्ट्रॅक्टचा खर्च म्हणू दे, ॲडमिन फी म्हणू दे, किल्लीचे पैसे म्हणू दे, घर मालकाच्या वतीने जाहिरातीत असेल तर ते तुम्ही द्यायचे नसतात. डिपॉझिटला बोर्ख म्हणतात, तो जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या काल ह्यूरइतका घेता येतो, काल ह्यूर म्हणजे वीज-पाणी-सर्व्हिस चार्ज वगळून नुसतं घराचं भाडं. कुणी तीन महिन्यांचा मागितला तर हा नियम दाखवा.

आणि फसवणूक. ती नेहमी एकाच साच्यातली असते, फोटो सुंदर, भाडं शेजारच्या घरांपेक्षा बरंच कमी, मालक "सध्या परदेशात" आणि किल्ली कुरिअरने येणार, आधी एक महिन्याचं भाडं टाका. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे असेच पैसे गेले, आल्यावर पत्त्यावर गेला तर तिथे एक आजी राहत होत्या, त्यांना काही पत्ताच नव्हता. कडास्टर म्हणून सरकारी जमीन-नोंदणी कार्यालय आहे, त्यांच्या साइटवर थोडे युरो भरले की घराचा खरा मालक कोण ते दिसतं. खासगी मालक असेल तर मी हे तपासल्याशिवाय पैसे पाठवतच नाही, आणि मालकाला तसं सांगते सुद्धा, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

जाहिरातीतले तीन शब्द

आमची सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली त्यामुळे सविस्तर सांगते. डच जाहिरातीत घर तीन प्रकारचं असतं, काल, खस्टोफेअर्ट आणि खमोबिलेअर्ट. शेवटचं म्हणजे फर्निश्ड, ते सोपं आहे. मधलं म्हणजे फरशीवर लॅमिनेट किंवा कार्पेट, खिडक्यांना पडदे, बहुतेक वेळा दिवे आणि किचनमधली काही उपकरणं, पण बेड-सोफा नाही. आणि काल म्हणजे उघडं. आम्हाला वाटलं उघडं म्हणजे फर्निचर नाही, आपल्याकडे बिगर फर्निश्ड असतं तसं. व्ह्यूइंगला गेलो तेव्हा छान ओकच्या रंगाचं लॅमिनेट होतं, पांढरे पडदे होते, आम्ही खूष. किल्ली घेऊन दार उघडलं तर आत नुसतं काँक्रीट, पावलाचा आवाज वरपर्यंत घुमतोय, छतातून दोन-दोन वायरी लोंबतायत, पडद्यांच्या पट्ट्या काढलेल्या जागी भिंतीत स्क्रूची भोकं. लॅमिनेट आधीच्या भाडेकरूचं होतं, तो ते उचलून घेऊन गेला होता आणि त्याला तसा पूर्ण हक्क होता. एजंटने व्ह्यूइंगला ते सांगितलंही होतं, आम्हाला कळलं नव्हतं. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन पाच रात्री सतरंजीवर काढल्या, काँक्रीटची बारीक धूळ सगळ्या कपड्यांत.

तर असं "काल" म्हणजे उघडं घर घेताना आधीच्या भाडेकरूला विचारा की ओव्हरनामे करायचंय का, म्हणजे त्याची फरशी, पडदे, कधी वॉशिंग मशीनसुद्धा ठरवून विकत घ्यायचं. त्यालाही उचकटायचे कष्ट वाचतात, तो कमी किमतीत देतो. हे ठरलं की काय काय राहणार त्याची यादी लिहून मालकालाही ईमेल करा, कारण पुढे तुम्ही निघाल तेव्हा मालक म्हणू शकतो की घर मला उघडं परत द्या, आणि तेव्हा ती फरशी उचकटायची जबाबदारी तुमच्यावर येते.

घराच्या प्रकाराचंही तसंच. रायत्येसहाउस म्हणजे एका ओळीतली एकाला एक चिकटलेली घरं, त्यातलं मधलं टुसनवोनिंग आणि टोकाचं हूकवोनिंग. मधल्याला दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या घराची ऊब मिळते त्यामुळे हीटिंग कमी लागतं पण आवाज दोन्हीकडे जातो. टोकाचं थंड असतं पण बाग मोठी. ट्वे-ऑन्डर-एन-काप म्हणजे एकाच छपराखाली दोन घरं. लहान मुलं असतील तर मी टोकाचं सुचवेन, आमचं दुसरं घर तसंच आहे, मुलगी जिन्यावरून धावत उतरली तरी एकाच शेजाऱ्याची माफी मागावी लागते.

घर बघायला गेल्यावर

बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं मिळतात, फोटो काढायला परवानगी विचारा आणि मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने बघा. पहिलं एनर्जी लेबल. चांगलं ए, सगळ्यात वाईट जी. गावातली जुनी, लाल विटांची, लाकडी तुळयांची घरं फार मोहात पाडतात पण खिडकीला एकेरी काच असेल तर जानेवारीत आतून पाणी ओघळतं आणि गॅसचं बिल भाड्याच्या जोडीला येऊन बसतं. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात आणि बाथरूमच्या छतावर काळे ठिपके आहेत का बघा, ताजा पांढरा रंग फक्त एकाच कोपऱ्यात दिसला तर का मारलाय ते विचारा.

दुसरं किचन, आणि हे आपल्यासाठी खास. शेगडी इंडक्शनची आहे का गॅसची ते बघा, भारतातून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, खाली इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा लागतो. चिमणीची हवा बाहेर जाते का नुसती कोळशाच्या फिल्टरमधून फिरून परत खोलीत येते हेही विचारा. आपली मोहरी-हिंगाची फोडणी आणि सुक्या मिरच्या, त्या फिल्टरला झेपत नाहीत, वास पडद्यात मुरतो. घरात सेंट्रल व्हेंटिलेशन असेल तर मोटरवाली चिमणी त्या पाइपला जोडायला बऱ्याचदा परवानगी नसते, म्हणून नंतर बदलू म्हणून घर घेऊ नका. स्मोक अलार्म १ जुलै २०२२ पासून प्रत्येक मजल्यावर सक्तीचा आहे, तो किचनपासून किती लांब आहे तेही बघून ठेवा. पहिल्या आठवड्यात माझ्या ठेच्याने तो तीनदा वाजला, शेवटी मिरच्या भाजताना किचनचं दार बंद आणि मागचं दार उघडं ही सवय लावून घेतली.

तिसरं, जिने. डच जिने इतके उभे आणि अरुंद की सोफा, कपाट वर जातच नाही, ते खिडकीतून बाहेरच्या लिफ्टने चढवतात, म्हणून खिडकीचं माप घ्या. आई-बाबा भारतातून तीन महिने येणार असतील तर टॉयलेट तळमजल्यावर आहे का, झोपायची सोय खाली होईल का हा विचार आत्ताच करा, माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, पहिल्या घरात त्यांना दिवसातून एकदाच वर-खाली करता यायचं.

मग घराबाहेर या आणि बसस्टॉपपर्यंत चालत जा. न्युनेनला रेल्वे स्टेशन नाही, बसवरच सगळं, खेल्ड्रॉप आणि बेस्टला स्टेशन आहे. ९२९२ च्या ॲपवर मंगळवारी सकाळी आठची आणि रविवारी रात्री नऊची अशा दोन वेळा टाकून ऑफिसचा प्रवास बघा, फरक बघून निर्णय बदलतो कधी कधी. अगदी लहान गावांत बुर्तबस असते, आठ जणांची छोटी गाडी, गावातले स्वयंसेवक चालवतात, फार छान माणसं भेटतात पण संध्याकाळी ती नसते. गाडीचा विचार असेल तर भारतीय लायसन्स खेमेंटेमध्ये नाव नोंदवल्यापासून १८५ दिवसच चालतं, पण ३० टक्के रूलिंग म्हणजे परदेशातून नोकरीला आलेल्यांची करसवलत मिळाली असेल तर परीक्षा न देता डच लायसन्स बदलून मिळतं, कुटुंबालाही, ते लगेच करून टाका.

आणि सही करण्याआधी गावातल्या हाउसआर्ट्सकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे फोन करून नवीन पेशंट घेताय का विचारा. शाळेलाही. मुलं चौथ्या वाढदिवसापासून शाळेत जाऊ शकतात, पाचव्यापासून सक्ती आहे, आणि खेड्यातल्या शाळेत सगळं डचमध्येच चालतं. आमची मुलगी पहिले दोन महिने गप्प होती, त्यानंतर जी बोलायला लागली ती आता आमचेच उच्चार सुधारते.

कॉन्ट्रॅक्ट आणि पॉइंट

इथे बऱ्याच घरांचं भाडं मालकाच्या मर्जीवर नसतं हे आपल्या लोकांना पटकन पटत नाही. प्रत्येक घराला पॉइंट असतात, क्षेत्रफळ, एनर्जी लेबल, किचन-बाथरूम, बाग, घराची सरकारी किंमत या सगळ्यांचे. १ जुलै २०२४ पासून परवडणाऱ्या भाड्याचा कायदा आला, त्यानुसार १४३ पॉइंटपर्यंत सोशल, १४४ ते १८६ मधला गट आणि १८७ पासून पुढे मोकळं भाडं, म्हणजे पॉइंटची मर्यादा नाही. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारासाठी १४३ पॉइंटला जास्तीत जास्त ९००.०७ युरो आणि १८६ ला १,१८४.८२ युरो काल ह्यूर घेता येत होतं, हे आकडे दर वर्षी बदलतात. १ जानेवारी २०२५ पासून मालकाने नव्या करारासोबत पॉइंटचा हिशेब द्यायचाच आहे. तो दिला नसेल तर मागा, आणि ह्यूरकमिसी म्हणजे भाडे लवादाच्या साइटवर पॉइंट मोजायचं साधन आहे त्यात स्वतः भरून बघा. टेप घेऊन खोल्या मोजायला अर्धा तास लागतो. भाडं जास्त वाटलं तर राहायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत ह्यूरकमिसीकडे जाता येतं, फी २५ युरो, आणि त्या कारणाने मालक तुम्हाला काढू शकत नाही. हे करताना संकोच वाटतो, विशेषतः मालक ओळखीचा झाला असेल तर, म्हणून मी म्हणते सहीच्या आधीच पॉइंटचा कागद समोर ठेवून बोला, तेव्हा ते भांडण होत नाही, चर्चा होते.

कॉन्ट्रॅक्टची मुदत नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून बेमुदत करार हाच नियम झालाय, ठराविक मुदतीचा फक्त काही अपवादांत. खेड्यात भेटणारी एक जागा म्हणजे मालक दोन-तीन वर्षं परदेशी जातोय आणि परत येऊन त्याच घरात राहणार आहे, त्याला डिप्लोमॅट क्लॉज म्हणतात. अशी घरं खूप सुंदर, सगळं सामान लावलेलं, भाडंही बरं असतं, पण मुलांची शाळा तिथे बसवली आणि मालक परतला की निघावं लागतं, तेव्हा किती वर्षांसाठी आहे ते तारखेसकट लिहून घ्या. नवरा-बायको दोघांची नावं करारात असू द्या.

करार बहुतेक वेळा डचमध्येच असतो. भाषांतराच्या ॲपने कामचलाऊ कळतं पण सर्व्हिस चार्ज, बाग आणि दुरुस्तीचे कलम एखाद्या डच सहकाऱ्याला दाखवून घ्या. साधारण असं आहे की बॉयलर, छप्पर, पाइप मालकाचे, आणि बल्ब, नळाचा वॉशर, रेडिएटरमधली हवा काढणं, गटाराच्या जाळ्या साफ करणं, बाग राखणं भाडेकरूचं.

किल्लीचा दिवस

त्या दिवशी घाई करू नका. पुढच्या दाराशेजारी एक अरुंद कपाट असतं, मेटरकास्ट, त्यात गॅस, वीज आणि पाण्याचे मीटर. तिन्ही आकड्यांचे फोटो काढा, मालकाच्या समोर. मग प्रत्येक भिंत, प्रत्येक ओरखडा, खिडकीचं हँडल, बाथरूमची टाइल, सगळ्याचे फोटो, आणि त्याच रात्री मालकाला ईमेल, म्हणजे तारीख पडते. पहिल्या घरी आम्ही हे केलं नाही आणि निघताना जुन्या ओरखड्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले.

वीज-गॅसची कंपनी स्वतः निवडायची, पाण्याची त्या भागात एकच असते. दर महिन्याला फोरस्खॉट म्हणजे अंदाजे ठरलेली रक्कम जाते आणि वर्षाने खरा हिशेब येतो. ती रक्कम कमी ठेवायचा मोह होतो, आम्हाला झाला, आणि वर्षाअखेरीच्या बिलाने त्या वर्षीचं भारताचं तिकीट पुढे ढकलावं लागलं. पत्ता बदलल्याचं खेमेंटेला मूव्हिंगच्या चार आठवडे आधीपासून ते नंतर पाच दिवसांपर्यंत कळवायचं, डिजिडीने घरबसल्या होतं. मग टॅक्सची पाकिटं यायला लागतील, घाबरू नका, कचऱ्याचा कर आणि वॉटरस्खाप म्हणजे पाणी-मंडळाचा कर भाडेकरूला असतोच, घराच्या मालकीचा ओझेडबी मात्र मालकाचा, तो तुमच्याकडून मागितला तर देऊ नका.

शेजार

आता ज्या शांततेसाठी आलात ती. ती आपोआप नसते, गल्लीतली माणसं ती राखतात आणि नव्या घराकडे त्यांचं लक्ष असतं. चित्रकार व्हॅन गॉग १८८३ च्या डिसेंबरात न्युनेनला आला, पुढच्या वर्षी त्याने चर्चच्या सेवकाकडे दोन खोल्या स्टुडिओसाठी भाड्याने घेतल्या, बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं ते चित्र १८८५ मध्ये इथलंच. पण गावात कुजबुज सुरू झाली, पाद्रींनी लोकांना त्याच्यासमोर चित्रासाठी बसायला मनाई केली आणि त्याच वर्षी तो गाव सोडून गेला. आज तसं कुणी करत नाही, पण गल्लीतल्या लोकांना तुम्ही माहीत असणं हे आजही महत्त्वाचं आहे.

म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घराची बेल वाजवा. संध्याकाळी साडेसातनंतर जा, सहाला त्यांची जेवणाची वेळ असते, तेव्हा अजिबात नको. हात मिळवायचा, नाव सांगायचं, पाच मिनिटांत परत. खायचं घेऊन गेलात तर उत्तमच, मी बेसनाचे लाडू नेले होते, शेजारच्या आजींनी एक लाडू चार दिवस चहाबरोबर पुरवून खाल्ला आणि रेसिपी विचारायला स्वतः आल्या.

आवाजाचं काटेकोर आहे. रात्री दहा ते सकाळी सात शांतता. रविवारी ड्रिल आणि गवत कापायचं मशीन शक्यतो नकोच. आपला मिक्सर सकाळी साडेसहाला चालतो, डाळ भिजवलेली असते, डबा करायचा असतो, सगळं मान्य, पण चिकटलेल्या भिंतीपलीकडे तो ओट्यावरून थेट झोपेत शिरतो. मी मिक्सरखाली जाड टॉवेल घडी करून ठेवते आणि वाटण आदल्या संध्याकाळीच करते. भारतात फोनचंही असंच, उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, आई सकाळी सातला मोकळी असते म्हणून पहाटे अडीच-साडेतीनला बागेत उभं राहून स्पीकरवर बोलायचं नाही. कुकरच्या शिट्टीने समोरचे काका एकदा धावत आले होते, त्यांना वाटलं अलार्म वाजतोय.

गणपतीत मात्र मी काही कमी करत नाही. आठवडाभर आधी तीन-चार घरांच्या पेटीत कार्ड टाकते, अमुक दिवशी संध्याकाळी सात ते आठ आरती आहे, टाळ वाजतील, यायचं असेल तर या. पहिल्या वर्षी दोघं आले, गेल्या वर्षी नऊ जण, मोदक कमी पडले.

कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा. हिरव्या झाकणाचा क्लिको म्हणजे चाकांचा कचऱ्याचा डबा भाज्या-फळं-बागेचा, दुसरा उरलेला कचरा, प्लास्टिक-डबे-दुधाचे खोके वेगळे, कागद वेगळा, काच गल्लीच्या टोकाला काचेच्या टाकीत, आणि तेही रविवारी नाही. रंग आणि दिवस प्रत्येक खेमेंटेत वेगळे, कचऱ्याचं ॲप पत्ता टाकला की दिवस सांगतं. एकदा आम्ही चुकीचा क्लिको बाहेर ठेवला तर सकाळी सव्वासातला आजींनी गाऊनवरच येऊन बेल वाजवली, आज करडा आहे, गाडी पलीकडच्या गल्लीत आलीय, पळा. पुढच्या फरसबंदीतलं गवत आणि कुंपणाची झाडी हीही तुमचीच, मे महिन्यात पंधरा दिवस दुर्लक्ष केलं तरी दिसतं.

गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यात घाला म्हणून सांगा. आणि सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी बुरेनदाख म्हणजे शेजाऱ्यांचा दिवस, लोक रस्त्यावर टेबल मांडतात, त्या दिवशी घरात बसून राहू नका.

सोडताना

भाडेकरूला साधारण एक महिन्याची लेखी नोटीस पुरते. मालकाला कायद्यातलं कारण आणि कमीत कमी तीन महिने लागतात, तुम्ही जास्त वर्षं राहिलात तर सहा महिन्यांपर्यंत, आणि तुम्ही मान्य केलं नाही तर कोर्टाशिवाय करार संपत नाही. करारात किमान एक वर्षाची अट असेल तर ती आधी बघा. निघायच्या दोन आठवडे आधी मालकाला बोलावून घर दाखवा, तो ज्या दुरुस्त्या सांगेल त्या लिहून घ्या, भोकं बुजवणं, ओट्यामागचा हळदीचा डाग, ते स्वतः केलेलं स्वस्त पडतं. डिपॉझिट चौदा दिवसांत परत यायला हवं, काही कापणार असेल तर तीस दिवसांत हिशेबासकट. "काल" घर असेल तर फरशीचं गिऱ्हाईक आत्ताच शोधा, आमची आम्ही येणाऱ्या पोलिश जोडप्याला दिली, पडदेही, आणि जाताना मागच्या बागेतला कढीपत्ता कुंडीसकट आजींकडे ठेवला, नव्या घराची किल्ली मिळेपर्यंत.